राखलेले गवत

आश्विन संपत आला की नाशिकमध्ये गवताचे टेम्पो येऊ लागतात. इंदिरानगरच्या बोगद्यातून जाताना भार दोन्ही भिंतींना घासतो आणि टेम्पो निघून गेल्यावर सिमेंटच्या खडबडीत भागावर काड्या अडकून राहतात. वाळलेल्या, तांबूस पिवळ्या, टोकाला अजून तुरा असलेल्या. मागची वाहने हॉर्न वाजवत असतात. गवत शहराबाहेरच्या गोठ्यांकडे जाते. दोन-तीन आठवडे हे चालते, मग थांबते. हंगाम बदलला हे शहरात कळण्याच्या ज्या थोड्या खुणा उरल्या आहेत, त्यांतली ही एक.

या वर्षी मी त्या काड्यांपैकी एक काढून पाहिली. शेडा जातीचे गवत होते. आवळदऱ्याचे नसणार. आवळदऱ्याहून गवत येणे बंद होऊन बरीच वर्षे झाली.

आवळदरा इगतपुरी तालुक्यात, महामार्गापासून आत, धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आहे. गावाचे खरे नाव हे नाही, आणि पुढे येणाऱ्या माणसांचीही नावे बदललेली आहेत. गाव खाली, उतार वर. उतारावर आता गोल्फ क्लब आहे, नऊ होलचा. जून ते सप्टेंबर तो बंद असतो. त्या चार महिन्यांत उतारावर ढग बसलेला असतो आणि दहा पावलांवरचा झेंडा दिसत नाही. दसऱ्याच्या सुमारास क्लब उघडतो. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात, नाशिकच्या थोड्या. खेळणारे सकाळी लवकर सुरू करतात आणि हलक्या आवाजात बोलतात. लांबून पाहणाऱ्याला काय चालले आहे ते कळत नाही. एक माणूस उभा राहतो, बराच वेळ उभा राहतो, काठी फिरवतो, आणि मग सगळे मिळून त्या दिशेने चालू लागतात. पहिल्या वर्षी गावातले म्हातारे कुंपणाबाहेर बसून हे पाहत असत. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले होते, "ह्यांचं हारवलंय तरी काय?"

क्लबहाऊसच्या दर्शनी भिंतीवर स्थापनेची हकीकत काचेच्या चौकटीत लावलेली आहे. मुंबईचा एक बांधकाम व्यावसायिक, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतले दोन कारखानदार आणि एक हाडांचा डॉक्टर धरणाकाठी सहलीला आले होते. परतताना रस्ता चुकले आणि या उतारावर येऊन पोचले. समोर पाणी, पाठीशी डोंगराची सलग भिंत. तिथे उभे राहून चौघांनी ठरवले. हकीकत इंग्रजीत आहे. तिच्यात एक वाक्य असे आहे की, या चौघांनी पडीक, ओसाड माळाचे हिरवळीत रूपांतर केले. ते वाक्य मूळचे माझे आहे. माझ्या बातमीतून भाषांतर होऊन ते तिथे गेले. एका संध्याकाळी वर्तमानपत्राचे पान छपाईला सोडायच्या घाईत, सात-बाराची प्रत समोर ठेवून मी ते लिहिले होते. प्रतीवर पिकाच्या रकान्यात 'गवतपड' असे होते. गवतपड म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन. मी पडीक लिहिले. कुणी दुरुस्ती पाठवली नाही.

जमीन विकताना कुणी कुणाला फसवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. ज्यांची नावे सात-बाराच्या उताऱ्यावर होती त्या सगळ्यांनी सह्या केल्या. मोजणीच्या दिवशी सगळे हजर होते. यापुढे जे आहे ते वाचताना दोषी शोधण्याचा मोह होतो. मलाही झाला. सापडतो तो एकटा कुणी नसतो.

त्या उतारावर गवत होते म्हणजे काय होते, ते सांगतो. पावसाळाभर त्यात कुणी पाय ठेवत नसे, गुरांनाही बंदी असे. भाद्रपदात ते कमरेएवढे होई. आश्विनात तुरे धरत. दिवाळीच्या आधी हिरवा रंग उतरून जाई. वारा आला की अख्खा उतार वरून खाली झुकत येई आणि वारा धरणाच्या पाण्यावर पोचला की दिसेनासा होई. शेडा, पवन्या, कुसळी अशी गवते. शेडा गुरे आवडीने खातात. कुसळी कपड्यांत शिरते आणि दोन धुण्यांनंतरही टोचत राहते. दव वाळले की कापणी सुरू होई. बायका ओळीने बसत, विळा स्वतःकडे ओढत पुढे सरकत. पुरुष मागून पेंढ्या बांधत, भारे करत, लाकडी चापात दाबून गाठी आवळत. गाठी ट्रकमधून मुंबईच्या तबेल्यांना जात. कापलेल्या गवताचा वास कोरडा, गोडसर आणि घशाला खवखवणारा होता. क्लबच्या हिरवळीवर मशीन फिरते तेव्हा जो ओला वास येतो, त्याच्याशी त्याचे काही नाते नाही. गवताच्या पातीला धार असते. कापणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांवर बारीक चिरा असत आणि संध्याकाळी कालवणात तिखट टाकताना त्या झोंबत.

कापणीची एक पद्धत होती. उताराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीखाली, दोन-तीन गुंठ्यांचा एक तुकडा दर वर्षी तसाच ठेवला जाई. ओळ तिथवर आली की मुकादम बायकांना वळवून दुसऱ्या अंगाला लावी. "तिकडं नको, जनावर हाय," एवढेच सांगे. जनावर म्हणजे साप. बायका वळत.

तिथे जनावर नव्हते. आवळदऱ्यात दात येण्याआधी गेलेले मूल जाळत नसत, पुरत. पुरायला बाप आणि त्याचा एक भाऊ, दोघेच जात. बाया दारापर्यंत. परत आल्यावर जागा कुणाला सांगायची नाही, आईला तर नाहीच. सांगितले तर ती तिथे जाऊन बसेल, घरादारात लक्ष घालणार नाही, पुढचे मूल पोटात धरणार नाही, असा समज. वर एक चपटा दगड बसवत, मातीशी सपाट, उठून न दिसणारा. आणि त्या तुकड्यातले गवत कापत नसत. न कापलेले गवत हीच खूण. दुसरी खूण नव्हती. नाव नाही, फळी नाही, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ओळ नाही. गवत दर वर्षी आपोआप उगवत होते, म्हणून दर वर्षी खूण ताजी होत होती. वर्षानुवर्षे ही व्यवस्था चुकली नाही. जी गोष्ट कुठेच लिहिलेली नसते ती पुसायला खाडाखोड करावी लागत नाही, हे तोवर कुणाच्या ध्यानात यायचे कारण नव्हते.

मथुराबाईची मुलगी सुमन चार महिन्यांची असताना तापाने गेली आणि त्या तुकड्यात पुरली गेली. त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. मथुराबाईला मुलीची जागा पाहायची होती. एकदा पाहायची होती, एवढेच. बातमीत हे पहिल्या वाक्यात आले असते.

क्लबसाठी मोजणी झाली तो हंगाम मी पाहिला आहे. मोजणीवाल्यांनी आधीच सांगितले होते की, एवढ्या उंच गवतात दुर्बिणीतून पट्टी दिसणार नाही, सगळा उतार साफ करून द्या. कापणी गावानेच करायची होती. गवतही गावालाच मिळणार होते. मुकादम होता किसन, मथुराबाईचा धाकटा दीर. मथुराबाईचा नवरा त्याआधीच वारला होता. सुमनला घेऊन जे दोघे गेले होते, त्यांतला मागे उरलेला हा एकटा.

मी आणि आमचा फोटोग्राफर अकराच्या सुमारास पोचलो. ऊन स्वच्छ होते. ओळीत वीस-पंचवीस बायका असतील. विळ्यांचा आवाज एकसारखा येत होता, गुरे रवंथ करतात तसा. ओळ करवंदीच्या जाळीपाशी आली आणि सवयीने थांबली. बायकांनी किसनकडे पाहिले. तो कुठे वळवतो याची त्या वाट पाहत होत्या. मोजणीच्या माणसाने वरून ओरडून सांगितले, "तो कोपरापण घ्या! काडी ठेवायची नाही!"

ओळीत मथुराबाईच्या शेजारी शेवंता होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. तिने विचारले, "किसनभाऊ, जनावर हाय ना तिकडं?"

किसनने डोक्याचा टॉवेल सोडला आणि पुन्हा बांधला.

"मेलं ते जनावर," मथुराबाई म्हणाली. "इतक्या जणी हाय आपण, तेच पळंल." आणि ती सर्वांत आधी आत शिरली.

आतले गवत तिच्या छातीपर्यंत आले. बुंधे जाड, वर्षानुवर्षांच्या जुन्या काडीवर नवी काडी. तिने पहिली मूठ धरून विळा ओढला आणि मागे वळून हाक दिली, "अगं बया! शेवंते, बघ गं कसं माजलंय! ह्या बाप्यांनी चांगलं गवत आजवर दडवून ठिवलं व्हतं!"

"गुपचूप इकून खात असतील," शेवंता म्हणाली.

"आन आपल्याला म्हणं जनावर!"

ओळभर हशा झाला. किसन म्हणाला, "कापा गं. तोंडं कमी चालवा." त्याचा आवाज मला तेव्हा चिडलेला वाटला. फोटोग्राफरने त्याच वेळी फोटो घेतला. मथुराबाई हसते आहे, डाव्या हातात गवताची मूठ, उजव्या हातात विळा. दुपारपर्यंत तो कोपरा बाकी उतारासारखाच झाला. चपटे दगड कुणाला दिसले असतील तर दगड म्हणूनच दिसले असतील. त्या मातीत दगड पुष्कळ होते.

फोटो दुसऱ्या दिवशी दोन कॉलमांत छापून आला. मूळ चौकट रुंद होती. उजवीकडे किसन, मागे करवंदीची जाळी, वर डोंगराची कडा. दोन कॉलमांत बसवायला उजवी बाजू आणि वरचा भाग कापावा लागला. हे काम रोजचे आहे. माणसाचा चेहरा राहिला पाहिजे, बाकीचे जाते.

कार्तिकात मोठी यंत्रे आली. पुढच्या दोन वर्षांत उतार उतार राहिला नाही. मंद चढ-उतारांच्या लाटा तयार झाल्या, एक तळे झाले, पांढऱ्या वाळूचे खड्डे झाले आणि बाहेरून आणलेल्या बारीक पात्याच्या गवताचे गालिचे अंथरले गेले. क्लबने गावातल्या बायकांना निंदणीला घेतले. मथुराबाई आणि शेवंता पहिल्या वर्षापासून आहेत. साडीवर क्लबचा हिरवा शर्ट, पायात बूट. झेंड्याभोवतीचा जो तुकडा सर्वांत बारीक कापतात त्याला ग्रीन म्हणतात. त्यावर यंत्राने निंदता येत नाही. तिथे बायका ओळीने बसतात आणि खुरप्याच्या टोकाने परके गवत एकेक करून उपसतात. हे परके गवत म्हणजे शेडा, पवन्या आणि कुसळी. त्यांचे बी मातीत अजून आहे. पाऊस उघडला की ते वर येते. याच बायका ते पूर्वी कापून भारे बांधत होत्या, आता मुळासकट काढून पोत्यात भरतात. बसायची पद्धत तीच, सरकायची पद्धत तीच.

यंदा भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, मथुराबाई माझ्या घरी आली. आधी ती वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली होती. तिथे मी आता नसतो. जुन्या सहकाऱ्याने इंदिरानगरचा पत्ता दिला. किसनच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला नाशिकच्या दवाखान्यात आणावे लागते. तो चार तास मशीनवर असतो. त्या चार तासांत ती रिक्षा करून आली होती. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात ठेवलेले कात्रण काढले. घडीवर शाई उडाली होती.

"साहेब, ह्यो फोटो तुमी काढलाय ना?"

"फोटोग्राफरने काढला. मी बरोबर होतो."

"पुरा हाय का तुमच्याकडं? ह्यात निम्मा हाय."

मी कारण विचारले. तिने सांगितले ते एखाद्या कचेरीत अर्ज समजावून द्यावा तसे, क्रमाने आणि थांबून थांबून. मागच्या महिन्यात दवाखान्यातून परतताना एसटीत किसन तिला म्हणाला होता की, वहिनी, सुमी कुठं हाय ते तुला सांगायचं राह्यलंय. जाळीखालचा राखलेला तुकडा, तिथे. तू हसलीस तिथेच.

"मी कापलं ते तिच्या अंगावरचं गवत व्हतं," ती म्हणाली. "मला काय ठावं. मी आपली म्हणतीया, बघा कसं माजलंय."

मी म्हटले, "किसनने तेव्हा सांगायला हवे होते."

"भाऊजी म्हणले, तोंडाला आलं व्हतं. पर तू पहिलीच आत शिरली." तिने कात्रण पुन्हा प्लास्टिकच्या कागदात ठेवले. "म्या बी इचार केला. तिथं त्यांनी सांगितलं असतं तर? वीस जणी व्हत्या. निम्म्यांची लेकरं तिथं. विळा टाकून समद्या मातीच उकरत बसल्या असत्या."

अडचण अशी होती की किसनला आता जागा दाखवता येत नव्हती. क्लबच्या कुंपणापाशी उभा राहून तो एकदा तळ्याकडे हात करी, एकदा झेंड्याकडे. उताराचा चढ गेला, जाळी गेली, पायवाट गेली. राखलेले गवत पाहूनच जागा ओळखायची, ही त्याचीही सवय होती. डॉक्टरांनी त्याच्याविषयी फार आशा ठेवू नका असे सांगितले होते. तो आहे तोवर मथुराबाईला जागा पक्की करून घ्यायची होती.

"फोटोत वरला डोंगर असंल," ती म्हणाली. "डोंगरावरनं माप लागंल. डोंगर काय त्यांनी हालवला नाय."

फोटोग्राफर आता लग्नाचे अल्बम करतो. नाशिकरोडला त्याच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या सीडी बुटांच्या खोक्यात होत्या. बऱ्याचशा वाचता आल्या नाहीत. एक वाचता आली. पडद्यावर पूर्ण चौकट उघडली. तिच्यात डोंगराच्या कडेची रेघ होती, रेघेत एक खिंड आणि खिंडीच्या शेजारी एक सुळका. किसन उजवीकडे उभा होता. मी तो फोटो छापून आल्यानंतर पहिल्यांदाच पुरता पाहत होतो. त्याची नजर मथुराबाईच्या चेहऱ्याकडे नव्हती. ती तिच्या पायापासून हातभर अंतरावरच्या जमिनीवर होती. एवढ्या हशात तो एकटा खाली पाहत होता. पानावरून जे कापले ते हे.

आश्विनात पाऊस उघडल्यावर एका मंगळवारी आम्ही गेलो. मंगळवारी खेळणारे नसतात. सुपरवायझरला मथुराबाईने आधी विचारले होते. तो घोटीकडचा आहे, पन्नाशीचा, माती हलवण्याच्या कंत्राटापासून या जागेवर असलेला. त्याने किसनसाठी बॅटरीवरची गाडी दिली आणि स्वतः चालवायला बसला. किसनच्या डोक्याला कानटोपी होती, पाय सुजलेले होते. जाता जाता किसन आपणहून बोलू लागला. सह्या करायच्या आधी गावातली पाच माणसे मारुतीच्या पारावर बसली होती. प्रत्येकाचे कुणी ना कुणी त्या तुकड्यात होते. बोलायचे की नाही, यावर बराच वेळ गेला. बोलले तर व्यवहार अडला असता आणि बायांना कळले असते. यातली कोणती भीती मोठी होती, ते त्याला आता सांगता येत नव्हते.

"म्हणलं, त्यांची माती झाली आता. मातीला काय सांगायचं," तो म्हणाला. "चौघं गेले. म्या राह्यलो."

मथुराबाई गाडीबरोबर चालत होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. "भाऊजी, टोपी खाली ओढा. वारं लागतंय," एवढे म्हणाली.

आम्ही फोटो हातात धरून डोंगराच्या कडेकडे पाहत सरकत राहिलो. फोटोत सुळका खिंडीच्या डाव्या काठाला टेकलेला होता. थोडे खाली गेलो की तो सुटा होई, वर गेलो की खिंडीत बुडे. पाचव्या आणि सहाव्या होलच्या मधल्या पट्ट्यावर तो बरोबर काठाला टेकला. मी थांबा म्हटले. किसनला उतरवले. फोटोत तो जिथे होता तिथे, फोटोतल्या मथुराबाईपासून उजवीकडे चार पावलांवर, त्याला उभे केले. त्याने कडेकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या फोटोकडे, मग खाली. या वेळी त्याचा हात कुठेही भटकला नाही.

"हितं," तो म्हणाला.

मथुराबाई खाली बसली. तिने उजवा तळहात गवतावर टेकवला आणि तसाच ठेवला. गवत ओले होते. आम्ही तिघे उभे होतो. लांब कुठेतरी पाण्याचा फवारा टकटक करत फिरत होता. तिने दुसरा हातही टेकवला. मग ती हलक्या आवाजात काही बोलली. ते मला ऐकू आले नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

सुपरवायझर अस्वस्थ झाला होता. तो चांगला माणूस आहे. त्याने न बोलता राहायचे ठरवले असते तर हा लेख इथे संपला असता.

"मावशी," तो म्हणाला, "जागा हीच असेल. पण जमीन ही नाही."

तिने वर पाहिले.

"हा वरचा भाग कापलाय आम्ही. खालचा भरला. तेव्हा जमीन..." त्याने हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्या वर, मग टाचा उचलून आणखी वर. "तेव्हा जमीन एवढ्या उंचीला होती. याच्याही वर."

आम्ही सगळ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिले. किसननेही पाहिले, कानटोपी मागे सरकेपर्यंत मान वर करून. तिथे हवा होती. हवेच्या पलीकडे कडा, खिंड आणि सुळका.

"मग ती माती?" मथुराबाईने विचारले.

"वरची माती चांगली होती. ती वाया नाही घालवली. आधी खरवडून बाजूला काढली, चाळली, वाळूत मिसळली. नऊच्या नऊ ग्रीनवर तीच आहे."

"चाळली?"

"हो. दगड, मुळ्या निघायला पाहिजेत ना. ग्रीनला बारीक माती लागते."

तिचे तळहात अजून गवतावर होते.

"चाळणीवर जे राह्यलं ते कुठं टाकलं?"

त्याला प्रश्न पहिल्यांदा कळला नाही. तो सांगू लागला की, दगड-मुळ्या तर ट्रॅक्टरने... आणि मध्येच थांबला. त्याने डोक्यावरची क्लबची टोपी काढली.

"भरावात, मावशी," तो म्हणाला. "गाड्या लागतात तिथं. फरशीखाली."

पार्किंग तिथून दिसते. मंगळवार असल्यामुळे रिकामे होते. दोन माणसे पाण्याच्या पाइपने फरशी धूत होती. मथुराबाईने तिकडे पाहिले. किती वेळ पाहिले ते मी मोजले नाही. नंतर ती उठली, साडीला चिकटलेली ओली पाती झटकली आणि दिराजवळ गेली.

"भाऊजी."

"बोल वहिनी."

"शेवंताला सांगू नका. तिची दोन हायेत तिथली."

किसनने मान हलवली.

"कुणालाच नका सांगू."

"नाय सांगत."

तिने सुपरवायझरकडेही पाहिले. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि गाडी वळवायला गेला.

सहाव्या ग्रीनवर निंदणीची ओळ बसली होती. दुपारची सुट्टी संपली होती. शेवंता उभी राहून आमच्याकडे पाहत होती, डोळ्यांवर हात धरून. मथुराबाई तिकडे चालू लागली तशी तिने लांबूनच हाक मारली, "काय गं मथुरे, काय चाललंय तिथं? किसनभाऊला कशाला फिरवता उन्हाचं?"

"काय नाय गं," मथुराबाई म्हणाली. "साहेबांना झाड लावायचंय. जागा बघत व्हते."

"घावली का मग?"

"नाय. हितली माती बरी नाय म्हणले."

तिने शर्टाच्या खिशातून खुरपे काढले. शेवंताने थोडे सरकून तिला ओळीत जागा करून दिली.